वाघळं गेली, गोचीड राहिले

परवा सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जुना म्हणजे आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत. गावठाणात त्याच्या आजोबांचा माळवदाचा वाडा आहे. खालच्या दोन खोल्या आता भाड्याने द्यायच्या आहेत, पण वरच्या तक्तपोशीत पाकोळ्यांनी घर केले आहे. पाकोळ्या म्हणजे छोटी वटवाघळे. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "सर, रविवारी मिरचीची धुरी देतो आणि एकदाचा मोकळा होतो. निपाह, करोना काय काय ऐकतो आपण. घरात लहान मुलं आहेत."

मी त्याला म्हटले, "रविवारी नको. आधी एक गोष्ट ऐक." मग त्याला जे सांगितले तेच आज इथे लिहितो आहे. गोष्ट माझ्या एका चुकीची आहे. ती चूक समजायला मला बरीच वर्षे लागली आणि ती समजावून सांगायला शेवटी इतिहासच उपयोगी पडला, म्हणून इतिहासाच्या वाटेने जातो.

१९८१ सालची गोष्ट. मी एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवीत असे. शाळा एका जुन्या वाड्यात भरे. वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी होती आणि तिच्यावरच्या पोकळीत पाकोळ्या राहात. दिवेलागणीला एका फटीतून त्या एकामागून एक बाहेर पडत. त्यांचा त्रास म्हणाल तर लेंड्या बाकांवर पडत आणि उन्हाळ्यात वास येई. मार्च महिन्यात, परीक्षेच्या आधी, मी ते काम आपण होऊन अंगावर घेतले. शेगडीत निखारे केले, वर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि नववीच्या मुलांना केरसुण्या घेऊन उभे केले. पाकोळ्या पटापट खाली पडल्या. मुलांनी त्या झोडपल्या. मी थांबवले नाही. झाडून गोळा केल्या तेव्हा टोपली भरली. काही माद्यांच्या पोटाला पिल्ले चिकटलेली होती. ते दृश्य पाहून एका मुलाने केरसुणी खाली ठेवली आणि तो घरी निघून गेला. त्याला मी दुसऱ्या दिवशी वर्गात रागावलो, हेही आज सांगून टाकतो.

मग परीक्षा झाल्या, मे महिन्याची सुट्टी झाली. जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात मुले पाय खाजवू लागली. शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्यांनाही घोट्यापाशी लाल गांधी उठू लागल्या. आम्हाला वाटले ढेकूण झाले. ढेकणांचे औषध आणले, बाके उन्हात टाकली, पण उपयोग होईना. शेवटी आमच्या विज्ञानाच्या सरांनी भिंतीच्या फटीतून एक जीव चिमट्याने काढला आणि भिंगाखाली धरला. मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, मातकट. त्यांनी पाय मोजले. आठ भरले. ढेकणाला सहा पाय असतात. "हा गोचीड आहे," ते म्हणाले. आम्ही सगळे चकित. शाळेत ना गाय ना म्हैस, मग गोचीड आला कुठून?

उत्तर दिले ते आमच्या शिपाईमामांनी. त्यांच्या घरी कोंबड्या होत्या. ते म्हणाले, "गुरुजी, कोंबड्या विकल्या की रिकाम्या खुराड्यात हात घालू नये. तिथं उपाशी बसलेली असतात ही. तुम्ही पाकोळ्या मारल्या, मग ही खाली उतरली." तक्तपोशीच्या चार फळ्या काढून पाहिल्या. त्यांच्या सांध्यांत हे चपटे जीव दाटीवाटीने बसलेले होते. मार्चपासून जूनपर्यंत, अन्नाविना.

सुदैवाने कोणी आजारी पडले नाही. फळ्या खरवडल्या, औषध मारले, चुना भरला आणि प्रकरण मिटले. माझ्या मनातून मात्र शिपाईमामांचे वाक्य गेले नाही. पुढे वाचनात जसजसे येत गेले तसतसे लक्षात आले की त्यांनी सांगितलेली गोष्ट आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलेली आहे, आणि दर वेळी ती समजायला माणसाने उशीर केला आहे.

आधी हा प्राणी कोण ते सांगतो. गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या कुळातला हा जीव. त्याचे दोन मोठे गट. गाई-म्हशींच्या कानाशी, कासेशी चिकटलेला आपण पाहतो तो कडक पाठीचा गोचीड. तो जनावराला काही दिवस चिकटून राहतो, रक्त पिऊन टम्म फुगतो आणि गळून पडतो. दुसरा मऊ, चामड्यासारख्या पाठीचा. कोंबड्यांचा गोचीड यातला आणि वटवाघळांवरचे बरेचसे गोचीडही यातलेच. याची राहण्याची तऱ्हा निराळी. हा यजमानाच्या अंगावर नव्हे, यजमानाच्या घरात राहतो. दिवसभर फटीत दडून बसायचे, पाकोळ्या विसाव्याला आल्या की बाहेर यायचे, काही मिनिटांत किंवा फार तर तासाभरात पोटभर रक्त प्यायचे आणि परत फटीत जायचे. मादी एकदाच हजारो अंडी घालून मरत नाही. दर जेवणानंतर थोडी थोडी घालते.

मग हे गोचीड एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जातात कसे? पंख तर नाहीत. ते काम त्यांची पिल्ले करतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, आठ नंतर येतात. हे पिल्लू मात्र मोठ्यांसारखे खाऊन उठत नाही. ते पाकोळीच्या कातडीला दोन दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, चिकटून राहते. पाकोळी जिथे जाईल तिथे तेही जाते. म्हणजे पिल्लांनी प्रवास करायचा आणि मोठ्यांनी घर धरून बसायचे. आपल्याकडे उलटे असते!

यात सर्वात महत्त्वाचा गुण म्हणजे उपास. मऊ गोचीड अन्नाविना महिनोन् महिने जगतो. काही जाती तर वर्षानुवर्षे तग धरतात. याला कारण आहे. वटवाघळे ऋतूप्रमाणे जागा बदलतात. चार महिने एका कपारीत, मग दुसरीकडे. रिकाम्या घरात यजमानाची वाट पाहण्याची ताकद नसती तर हा गोचीड केव्हाच नामशेष झाला असता. वटवाघळांचे सुमारे सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. त्यांच्या दिनक्रमाशी जुळवून घ्यायला गोचिडांना वेळ भरपूर मिळाला. आमच्या शाळेतले गोचीड वाटच पाहात होते. पाकोळ्या परत येणार नाहीत हे त्यांना कसे कळावे? त्यांना खाली ऊब लागली, श्वासाचा वास आला, ते उतरले. पाकोळ्यांवर राहणाऱ्या अशा एका गोचिडाला शास्त्रज्ञ अर्गस व्हेस्पर्टिलिओनिस म्हणतात. युरोपपासून आफ्रिका-आशियापर्यंत तो पसरलेला आहे, भारतातही आहे. पाकोळ्यांच्या वस्तीखाली राहणाऱ्या माणसांना तो चावल्याच्या नोंदी परदेशातही आहेत.

आता इतिहासाकडे वळतो.

माझी आजी बार्शीकडच्या गावातली. ती प्लेगाच्या आठवणी सांगे. "घरात उंदीर पडला की गाव सोडायचं," हे तिचे वाक्य. लोक रानात झोपड्या बांधून राहात. उंदीर मरणे आणि माणसे मरणे यांचा संबंध खेड्यातल्या बाईला ठाऊक होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. त्याचा जंतू दोन वर्षे आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडलेला होता. तरी तो माणसापर्यंत येतो कसा हे कळत नव्हते. सरकारने घरे धुतली, फरशा उखडल्या, कपडे जाळले. पुण्यात त्या सक्तीतून पुढे काय घडले ते सर्वांना माहीत आहे.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक साधा प्रयोग केला आणि सांगितले की हे काम उंदरावरच्या पिसवांचे आहे. लोकांनी त्याची टर उडवली. पुढे मुंबईत डॉ. लिस्टन याने पाहिले की उंदीर मेलेल्या घरांत पिसवांचा सुळसुळाट होतो आणि तिथल्या माणसांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडतात. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने प्लेगाच्या घरांत गिनिपिग सोडून हे पक्के केले. त्या मोकळ्या प्राण्यांवर पिसवा तुटून पडल्या. उंदीर जिवंत होता तोवर पिसू उंदरावर होती. उंदीर मेला, गार पडला, की पिसू उठली आणि जवळचे गरम अंग शोधू लागली. आमच्या शिपाईमामांनी खुराड्याविषयी सांगितले तेच हे.

दुसरा प्रसंग माझ्या शाळकरी वयातला. १९५७ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतली माणसे तापाने फणफणली. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र होते, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलेले. त्यालाच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. डॉ. टेलफर्ड वर्क, डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी पुण्याहून तिथे गेले. आधी वाटले पिवळा ताप आला. तपासणीत निघाला एक नवाच विषाणू, गोचिडांतून पसरणारा. आपण मराठीत त्या आजाराला माकडताप म्हणतो.

हा विषाणू रशियातल्या अशाच एका रोगाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. झाले, संशय आला पाखरांवर! सायबेरियाकडून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडांसोबत हा रोग आणला असेल काय? डॉ. सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायला सुरुवात केली, त्यामागे हा प्रश्नही होता. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी पुष्कळ ज्ञान त्यातून मिळाले. पाखरांवरचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही.

खरी गोष्ट जमिनीवर होती. जंगल तुटत होते, कडेने शेती वाढत होती, गुरे रानात चरायला जात होती. हीमाफायसॅलिस जातीचे मोठे गोचीड गुरांवर पोसले जात आणि त्यांची संख्या वाढे. माकड रोगाने मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड त्याच जागी पसरत आणि लाकूडफाट्याला गेलेल्या माणसाला धरत. म्हणून आजही मेलेले माकड आढळले तर त्या जागेभोवती पन्नास फुटांपर्यंत औषध फवारण्याची पद्धत आहे. पुन्हा तेच. यजमान पडला की त्याच्या जिवावर जगणारा जीव दुसरे अंग शोधतो. २०१६ मध्ये हा माकडताप आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या हंगामात बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ लागली.

आणि इथे वटवाघळे पुन्हा भेटतात. पुण्याच्या केंद्राचे लोक माकडांवर थांबले नाहीत. उंदीर, घुशी, खारी, पाखरे, सगळ्यांचे रक्त आणि सगळ्यांवरचे गोचीड त्यांनी तपासले. १९६९ मध्ये राजगोपालन, पॉल आणि श्रीनिवासन यांनी प्रसिद्ध केले की माकडतापाचा विषाणू ऱ्हायनोलोफस जातीच्या, म्हणजे घोड्याच्या नालेसारखे नाक असलेल्या, कीटकभक्षी वटवाघळात आणि वटवाघळांवरच्या मऊ गोचिडांतही सापडला. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, धांदा आणि राजगोपालन यांनी वटवाघळांवरच्या अशा एका गोचिडाची नवी जात म्हणून नोंद केली. नाव ठेवले ऑर्निथोडोरॉस कायरोप्टरफिला. अर्थ साधा आहे, वटवाघळांची आवड असलेला. वटवाघळाच्या अंगावरून पोटभर जेवून उठणाऱ्याला असे नाव देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल. हे पी. के. राजगोपालन पुढे पाँडिचेरीच्या कीटकवाहक रोग संशोधन केंद्राचे संचालक झाले.

याचा अर्थ माकडताप वटवाघळांनी पसरवला असा नव्हे. माणसापर्यंत रोग आला तो रानातल्या जमिनीवरच्या कडक गोचिडांमुळे. वटवाघूळ आणि त्याचा गोचीड यांचे आपापसांतले खाते निराळे आहे. कपारीत, अंधारात, माणसापासून दूर ते चालू असते. विषाणू तिथे फिरतही असेल, पण तो तिथेच फिरतो. २०१४ मध्ये पुण्याच्या संस्थेने महाराष्ट्रातल्या फळे खाणाऱ्या वटवाघळांत सापडलेला आणखी एक विषाणू जाहीर केला, त्याचे नाव मलसूर. चीन आणि अमेरिकेत गोचिडांतून माणसांना होणाऱ्या दोन रोगांच्या विषाणूंशी त्याचे जवळचे नाते निघाले. २०२१ मध्ये बातमी आली की मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहची प्रतिपिंडे मिळाली. बातमी वाचून किती जणांनी गुहेत धूर करायचा विचार केला असेल, कोण जाणे. मला तरी त्या बातमीचा अर्थ उलटा लागतो. ज्या घरात इतके काही दडलेले असू शकते, ते घर उधळू नये.

आपण तर वटवाघळाला कायद्यानेच वाळीत टाकले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांना कावळे, उंदीर यांच्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. पन्नास वर्षे लागली. मी माझ्या टोपलीभर पाकोळ्यांबद्दल स्वतःला दोष देतो तेव्हा हेही आठवते की त्या काळी मला अडवणारे कोणी नव्हते. एक चौदा वर्षांचा मुलगा तेवढा होता, आणि त्यालाच मी रागावलो.

असो. परवाच्या विद्यार्थ्याला मी शेवटी काय सांगितले ते लिहितो, कोणाच्या उपयोगी पडले तर पडेल.

धुरी द्यायची नाही. धुराने पाकोळ्या मरतात किंवा घरात इकडेतिकडे घुसतात, आणि गोचीड फटीत सुखरूप राहतात. आधी पाहायचे की पाकोळ्यांच्या अंगावर पिल्ले आहेत का. असतील तर ती उडू लागेपर्यंत थांबायचे. मग संध्याकाळी बाहेर बसून त्यांची वाट कोणती ते हेरायचे. त्या फटीवर बारीक जाळी वरून बांधून खाली मोकळी सोडायची, म्हणजे पाकोळीला खाली सरकून बाहेर पडता येते, पण परत आत शिरता येत नाही. बाकीच्या फटी आधीच बुजवायच्या. चार-सहा रात्रींत त्या दुसरीकडे जातात. जाताना गोचिडांची पिल्ले अंगावर घेऊन जातात, मोठे मागे राहतात. म्हणून घर रिकामे झाल्याबरोबर, भाडेकरू येण्याच्या आधी, फळ्यांचे सांधे खरवडून औषध मारायचे आणि मग चुना भरायचा. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, पाणी शिंपडून आणि तोंडाला फडके बांधून काढायच्या. पाकोळी उघड्या हाताने धरायची नाही. या सगळ्याला वेळ लागतो. धुरीला एक दुपार पुरते, पण जूनमध्ये काय होते ते मी पाहिले आहे.

तो ऐकत होता. सगळे सांगून झाल्यावर म्हणाला, "सर, केरसुणी ठेवून घरी गेला होता तो मीच."

मला एकदम काही सुचले नाही. इतक्या वर्षांत ते नाव मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता. मी त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "मला पण आता मिरचीच सुचली की, सर."

आता रविवारचा बेत असा आहे. दिवेलागणीच्या आधी त्याच्या अंगणात दोन खुर्च्या टाकायच्या आणि पाकोळ्या कोणत्या फटीतून निघतात ते पाहायचे. मोजायचे काम त्याच्याकडे. माझी नजर आता अंधारात चालत नाही. जाळी लावल्यावर काय झाले ते पुढे कधीतरी कळवीन.